माफीनंतरचे गोखले

चूक झाली, सगळ्यांदेखत झाली आणि कबूलही करावी लागली. त्यानंतर माणसानं स्वतःशी कसं वागावं? सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी आपल्याच भायखळ्याच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या एका तरुणाची ही गोष्ट.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत तुम्ही पेंग्विन बघायला गेला असाल. शाळेची सहल असेल तर शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बघून झालं असेल. तिथंच घोड्यावर बसलेल्या राजाचा एक मोठा पुतळा आहे. तो म्हणजे मूळचा काळा घोडा. १९६५ मध्ये त्याला फोर्टातून उचलून इथं आणलं. गंमत अशी, की त्याच्या खूप आधी भायखळ्यानं काळ्या घोड्याला एक अख्खं कॉलेज दिलं होतं. आज आपण फोर्टात बघतो ते एल्फिन्स्टन कॉलेज १८७१ पासून १८८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत भायखळ्यात, राणीच्या बागेसमोर भरायचं. कॉलेज हलल्यावर तिथं व्हीजेटीआय सुरू झालं आणि १९२३ मध्ये तेही माटुंग्याला गेलं.

१८८४ मध्ये या भायखळ्याच्या एल्फिन्स्टनमधून १८ वर्षांचा एक मुलगा बी. ए. झाला. नाव गोपाळ कृष्ण गोखले. नाव तुम्हाला ठाऊक आहेच. दादरचा गोखले रोड त्यांच्या नावाचा, आणि शेजारच्या पुलाशी उंची जुळली नाही म्हणून ज्याचे ढीगभर मीम्स झाले तो अंधेरीचा गोखले पूलही त्यांच्याच नावाचा. शाळेत आपण त्यांच्याबद्दल एवढंच पाठ केलं: मवाळ नेते, गांधीजींचे राजकीय गुरू. दोन मार्कांचं उत्तर, विषय संपला.

पण या दोन मार्कांच्या आत ३१ वर्षांचा एक माणूस आहे. त्याच्यावर एकाच वेळी दोन देशांतून टीका होत होती. एक देश त्याला खोटारडा म्हणत होता आणि दुसरा भित्रा. आजच्या भाषेत सांगायचं तर तो दोन्हीकडून ट्रोल होत होता. त्या काळात त्यानं काय केलं, हे वाचणं आज आपल्याला जास्त उपयोगाचं आहे.

मनाला लावून घेणारा मुलगा

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावचा. वडील कागलला नोकरीला होते. गोपाळ १३ वर्षांचा असताना वडील गेले. घर कसं चालायचं? मोठा भाऊ गोविंद शिक्षण सोडून नोकरीला लागला. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये तो धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवायचा. भावानं स्वतःची पुस्तकं बाजूला ठेवून पाठवलेले ते ८ रुपये होते. असे पैसे हातात घेऊन शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर किती ओझं असेल, हे तुमच्यातल्या अनेकांना वेगळं सांगायला नको. कुणाच्या फीसाठी आईनं बांगड्या मोडल्या असतील, कुणाच्या ताईनं कॉलेज सोडलं असेल.

मुलगा हुशार होता, पाठांतर तर अफाट होतं. पण त्याहून लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे तो फार मनाला लावून घ्यायचा. त्याच्या शाळेची एक गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. घरी दिलेली गणितं बरोबर सोडवली म्हणून गुरुजींनी शाबासकी दिली, तर हा रडायलाच लागला. कारण एक गणित त्यानं दुसऱ्याच्या मदतीनं सोडवलं होतं. दुसरी गोष्ट सांगतात ती अशी. एका मित्रानं त्याला नाटकाला नेलं आणि मागाहून तिकिटाचे पैसे मागितले. याला वाटलं होतं की मित्र आपल्याला दाखवतोय. तो काही बोलला नाही. पैसे देऊन टाकले, आणि ते भरून काढायला खोलीतल्या दिव्याचं तेल वाचवलं. अभ्यास केला रस्त्यावरच्या दिव्याखाली.

या गोष्टी आपल्याला प्रामाणिकपणाच्या आणि काटकसरीच्या म्हणून सांगितल्या जातात. जरा वेगळ्या नजरेनं बघा. कुणाला दोष देता येत नाही, स्वतःलाही माफ करता येत नाही, आणि सगळं आत साठत जातं, असा हा मुलगा आहे. असा एखादा मित्र तुमच्या ग्रुपमध्ये नक्की असेल. कदाचित तो तुम्हीच असाल.

कोल्हापूर, पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचं एल्फिन्स्टन असा त्याच्या शिक्षणाचा प्रवास झाला. कवी वर्ड्सवर्थचे नातू तेव्हा एल्फिन्स्टनचे प्राचार्य होते. गणिताचे प्राध्यापक हॅथॉर्नथ्वेट यांचाही गोपाळवर जीव होता. महिना २० रुपयांची स्कॉलरशिप मिळाली आणि भावाच्या खांद्यावरचं ओझं जरा हलकं झालं. पदवी मिळाल्यावर हा तरुण पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाला, मग फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. सरकारी नोकरीत याहून कितीतरी जास्त पगार मिळाला असता. पण त्यानं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य होऊन तुटपुंज्या पगारावर शिकवायचं ठरवलं.

पुण्यात त्याला गुरू भेटले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. रानड्यांकडची शिस्त कडक होती. सरकारला एखादा अर्ज लिहायचा तर त्यातला एकेक आकडा सरकारी अहवालांतून तपासून घ्यायचा. कच्चं काही चालायचं नाही. गोखले अनेक वर्षं या शिस्तीत तयार झाले. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडलं ते नेमकं याच शिस्तीच्या विरुद्ध घडलं.

प्लेगचं वर्ष

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. शहर रिकामं व्हायला लागलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. वॉल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. तोवर साथ पुण्यात पोचली होती. तिथं रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सैनिक घरोघर घुसून झडत्या घेत होते. देवघरं, स्वयंपाकघरं, बायकांच्या खोल्या काहीच सुटत नव्हतं. लोक संतापले होते.

गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते गेले होते. साक्ष उत्तम झाली. जाणकारांनी कौतुक केलं. ३१ व्या वर्षी लंडनमध्ये नाव झालं. सगळं छान चाललं होतं.

त्याच दिवसांत पुण्याहून मित्रांची पत्रं आली. त्यात झडत्यांच्या कहाण्या होत्या आणि एक भयंकर बातमीही होती: सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीनं नंतर जीव दिला. इकडे २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत पुण्याविरुद्ध संताप उसळला. पुण्याच्या लोकांना काय सोसावं लागलं हे कुणीतरी सांगायलाच हवं, असं गोखल्यांना वाटलं. त्यांनी पार्लमेंटच्या काही सदस्यांपुढे आणि मँचेस्टर गार्डियन या वर्तमानपत्राकडे ती बातमी सांगून टाकली.

खळबळ माजली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे विचारणा झाली. त्यांनी चौकशी करून बातमी साफ नाकारली. आता पुरावा देण्याची जबाबदारी गोखल्यांवर आली. पुरावा होता तो फक्त पत्रांचा. नावं सांगितली असती तर पत्रं लिहिणारे सरकारच्या तावडीत सापडले असते. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत.

बोट मुंबईला लागली तेव्हा पोलीस अधिकारी चौकशीला हजर होते. गोखल्यांनी माहिती काढायचा प्रयत्न केला. बातमी सिद्ध करता येईल असं काही हाती लागलं नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागितली: गव्हर्नरांची, प्लेग समितीची आणि सैनिकांचीसुद्धा. बिनशर्त.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. पुण्यातल्या झडत्यांचा जाच खोटा नव्हता. तो शेकडो घरांनी भोगला होता. पण गोखल्यांनी केलेला तो एक विशिष्ट आरोप त्यांना सिद्ध करता आला नाही. जे तपासून घेतलं नव्हतं, ते त्यांनी छापायला दिलं होतं. आकडा न् आकडा तपासणाऱ्या रानड्यांच्या शिष्याकडून हे झालं होतं.

वेळही अशी होती की आगीत तेल पडलं. जुलैच्या अखेरीस लोकमान्य टिळकांना केसरीतल्या लेखनासाठी राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. पुढे त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. लोकांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. एक जण तुरुंगात जातो आणि दुसरा सैनिकांची माफी मागतो! इंग्रजी वर्तमानपत्रांना गोखले खोटारडे वाटले आणि पुण्याला शेळपट. मनाला लावून घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला यापेक्षा वाईट काय येणार?

घटना एक, अर्थ दोन

आता जरा थांबू. गोष्ट पुढे न्यायच्या आधी मानसशास्त्रातली एक साधी कल्पना बघू.

१९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञानं एक उपचारपद्धत मांडली. मराठीत तिच्यासाठी विवेकनिष्ठ हा शब्द रुळलाय. तिचा गाभा सोपा आहे. आपल्याला वाटतं, घटना घडली म्हणून मी कोसळलो. एलिसचं म्हणणं, मध्ये एक पायरी आहे. घटना घडते, आपण तिचा अर्थ लावतो आणि भावना त्या अर्थातून येते. घटना बदलता येत नाही, पण लावलेला अर्थ तपासून बघता येतो.

उदाहरण घ्या. प्रेझेंटेशनमध्ये तुम्ही चुकीचा आकडा सांगितला आणि सरांनी सगळ्यांसमोर पकडला. ही झाली घटना. याचा एक अर्थ असा: मी आकडा तपासला नव्हता. यातून वाईट वाटतं, चुटपूट लागते, पुढच्या वेळी माणूस तपासतो. दुसरा अर्थ असा: मी आहेच बिनडोक, आता वर्गात तोंड दाखवायला जागा नाही. यातून पुढच्या वेळी माणूस प्रेझेंटेशनलाच जात नाही. पहिल्यात चूक माझ्या कामात आहे. दुसऱ्यात मीच चूक आहे. चुटपूट आणि शरम यांतला हा फरक आहे. चुटपूट आपल्याला काहीतरी दुरुस्त करायला लावते, शरम फक्त लपायला सांगते.

दुसरं एक निरीक्षण एलिसनं केलं. आपल्याला त्रास देणाऱ्या विचारांत बहुतेक वेळा एक च दडलेला असतो. मला यश मिळायलाच हवं. सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे. माझ्याकडून चूक होताच कामा नये. इच्छा असणं वाईट नाही, पण तिला च लागला की ती सक्ती होते. मग ती पुरी झाली नाही की माणूस स्वतःला झोडपायला लागतो.

गोखल्यांनी अर्थातच एलिस वाचला नव्हता. तो जन्मायला अजून १६ वर्षं होती. गोखल्यांच्या मनात आपल्याला शिरता येत नाही. पण त्यांनी काय केलं ते मात्र दिसतं. म्हणून आता त्यांच्या कृतीकडे बघू.

माफी कशी मागितली?

पहिली कृती म्हणजे ती माफीच. हल्ली माफी कशी मागतात ते आपण बघतो. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व. त्या असतीलमध्ये अख्खी पळवाट असते. गोखल्यांच्या माफीत तशी पळवाट नव्हती. मी काय म्हणालो, कशाच्या आधारावर म्हणालो, ते मला सिद्ध करता येत नाही, म्हणून मी ते मागे घेतो आणि ज्यांच्यावर आरोप केला त्यांची क्षमा मागतो, एवढं सरळ होतं ते.

आणि त्या माफीत काय नव्हतं? मित्रांची नावं नव्हती. पत्रं त्यांनी पाठवली, मी काय करू, असा सूर नव्हता. मी नालायक आहे, मला फासावर द्या, असा आक्रोशही नव्हता. दोष होता तेवढा घेतला. दुसऱ्यावर ढकलला नाही आणि स्वतःसाठी वाढवूनही घेतला नाही. हा दुसरा भाग आपण विसरतो. स्वतःला वाट्टेल तसं बोलणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. तीही एक प्रकारची अतिशयोक्तीच आहे.

दुसरी कृती म्हणजे ते लपले नाहीत. पुण्यात प्लेग पुन्हा आला तेव्हा स्वयंसेवकांच्या कामात गोखले उतरले. ज्या विषयानं तोंडघशी पाडलं, त्याच विषयात, त्याच शहरात, त्याच लोकांच्या दारात. टोमणे मारणारे तिथंच राहत होते. आपल्याला ज्या ठिकाणी लाज वाटली ती जागा आपण टाळत राहतो आणि जितकी टाळू तितकी तिची भीती वाढते. तिथं परत जाऊन काहीतरी उपयोगाचं केलं की भीती हळूहळू कमी होते. मानसोपचारात आज हेच करून घेतात, छोट्या छोट्या पायऱ्यांनी.

तिसरी गोष्ट म्हणजे ते एकटे नव्हते. रानडे पाठीशी होते. इंग्लंडमध्ये सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारखे हितचिंतक होते. पत्रव्यवहार चालू होता. मनाला लावून घेणाऱ्या माणसाला गर्दी लागत नाही, पण खरं बोलता येईल अशी दोन माणसं तरी लागतात.

५ फेब्रुवारी १८९८ ची यादी

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा कागद. माफीला सहा महिने झाले होते. ५ फेब्रुवारी १८९८ ला गोखल्यांनी स्वतःसाठी एक संकल्पपत्र लिहिलं. सुरुवात दत्तगुरूंच्या स्मरणानं. मग यादी. रोज योगाभ्यास करायचा. प्राचीन आणि अर्वाचीन इतिहासाचं, तत्त्वज्ञानाचं चांगलं ज्ञान मिळवायचं. खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र आणि, हो, मानसशास्त्र शिकायचं. फ्रेंच शिकायचं. मुंबईच्या कायदेमंडळाचा, मग देशाच्या वरिष्ठ कायदेमंडळाचा आणि मग ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य होण्याचा प्रयत्न करायचा आणि तिथं देशाचं भलं होईल ते करायचं. शेवटी, सर्वोच्च तत्त्वज्ञानात्मक धर्माचा प्रसार जगभर करायचा.

वाचून हसू आलं ना? थोडं येतंच. फ्रेंच काय, भूगर्भशास्त्र काय, ब्रिटिश पार्लमेंट काय! आपण ३१ डिसेंबरला करतो ती यादी आणि ही यादी सारखीच वाटते. पण ज्या माणसाचं सार्वजनिक आयुष्य संपलं असं सगळे धरून चालले होते, त्यानं ती लिहिली आहे, हे विसरू नका.

या यादीत तीन गोष्टी शोधून बघा. एक, तिच्यात माफीचा उल्लेख नाही. टीकाकारांचाही नाही. त्यांना दाखवून देतो, असं कुठंच नाही. बदला घ्यायचा नाही आणि रडायचंही नाही. दोन, यापुढे माझ्याकडून कधीच चूक होणार नाही, अशी शपथ नाही. तीन, ज्या गोष्टी दुसऱ्यांच्या हातात आहेत, म्हणजे निवडून येणं, त्यांच्याबाबत भाषा प्रयत्न करण्याची आहे. तिथं च नाही. जे स्वतःच्या हातात आहे, म्हणजे अभ्यास, ते करीन म्हटलंय. दुसऱ्याच्या हातातलं आणि आपल्या हातातलं वेगळं करायला आपल्याला बहुतेक वेळा समुपदेशकाची मदत लागते. इथं ते एका कागदावर झालेलं दिसतं.

पुढे काय झालं?

१८९९ च्या अखेरीस गोखले मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले. दोन वर्षांनी फिरोजशहा मेहतांच्या जागी देशाच्या वरिष्ठ कायदेमंडळात, कलकत्त्याला. २६ मार्च १९०२ ला त्यांनी अर्थसंकल्पावर जे भाषण केलं त्यानं सगळे चकित झाले. सरकार शिल्लक दाखवून देश सुखी आहे असं म्हणत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन सांगितलं, की लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला म्हणून शिल्लक पडली आहे. मिठावरच्या कराविरुद्ध ते वर्षानुवर्षं बोलत राहिले. तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला.

पाच वर्षांपूर्वी जो माणूस पुराव्याअभावी तोंडघशी पडला होता, तो आता पुराव्यासाठी ओळखला जाऊ लागला होता. चूक झाली तिथंच त्यानं ताकद लावली.

१२ जून १९०५ ला त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी सुरू केली. सदस्याला सात शपथा घ्याव्या लागत. त्यातली एक अशी, की कुणाशीही वैयक्तिक भांडण करायचं नाही. मतभेद असू द्या, वैर नको. त्या वेळच्या पुण्यात, दोन्ही बाजूंनी रोज अंगावर शाई उडत असताना, ही सोपी शपथ नव्हती. आता एक योगायोग बघा. या संस्थेची मुंबईतली वास्तू आहे गिरगावात, ज्या रस्त्याचं जुनं नाव सँडहर्स्ट रोड. ज्यांची गोखल्यांनी माफी मागितली त्याच गव्हर्नरांचं नाव. तुम्ही सेंट्रल लाइननं सीएसएमटीहून भायखळ्याला जाता तेव्हा आधीचं स्टेशनही तेच लागतं.

१९११ मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. या वेळी ते खचले नाहीत. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणं आलंय, यश पुढच्यांच्या वाट्याला येईल, अशा अर्थाचं ते बोलले. घटना तीच, हरल्याची. अर्थ मात्र वेगळा लावला. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात लागू झाला तो १ एप्रिल २०१० ला. म्हणजे ९८ वर्षांनी.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून ९ जानेवारी १९१५ ला अपोलो बंदरावर उतरले तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून एक वचन घेतलं होतं. एक वर्ष देश फिरून बघायचा आणि तोवर राजकीय प्रश्नांवर बोलायचं नाही. आधी बघा, मग बोला. १८९७ चा उन्हाळा ज्यानं सोसला होता, त्याच्याकडून आलेला हा सल्ला होता. तो कुठून आला असेल हे तुम्हीच जोडून बघा.

जे जमलं नाही

गोखल्यांना देव करून सोडू नका, नाहीतर ते आपल्या काही कामाचे राहणार नाहीत. टीका त्यांना शेवटपर्यंत लागायची. कातडी जाड झाली नाही. फक्त लागल्यावर काय करायचं, हे त्यांना जमू लागलं.

आणि एक गोष्ट अजिबात जमली नाही. संकल्पपत्रातलं पहिलं कलम आठवतंय? रोज योगाभ्यास. गांधीजी १९०१-०२ च्या सुमारास कलकत्त्याला महिनाभर त्यांच्याकडे राहिले होते. त्यांना खटकलं ते हेच, की गोखले व्यायाम करत नाहीत, फिरायलाही जात नाहीत. विचारलं तर उत्तर एकच, वेळ कुठाय? गांधीजींना ते पटलं नाही. मधुमेह होता, हृदयाचा त्रास होता, काम मात्र थांबत नव्हतं. १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात ते गेले. वय ४८. अंत्यसंस्काराला टिळक आले होते. आयुष्यभराचा विरोधक तिथं त्यांच्या कार्याचा गौरव करून, तरुणांनी त्यांचा कित्ता गिरवावा असं सांगून गेला.

मन सांभाळायचं म्हणजे शरीरही सांभाळायचं, हा धडा गोखल्यांच्या आयुष्यातून उलट्या बाजूनं मिळतो. रात्री दोनपर्यंत जागून, जेवण टाळून, मग विचार सकारात्मक ठेवा म्हणून काही होत नाही.

तुमच्यासाठी

कधीतरी तुमच्याही हातून सगळ्यांदेखत चूक होईल. ग्रुपवर भलताच मेसेज जाईल, परीक्षेत दांडी गुल होईल, खात्री न करता फॉरवर्ड केलेलं खोटं निघेल आणि कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवेल. त्या रात्री एक कागद घ्या. मधोमध रेघ ओढा. डावीकडे फक्त काय घडलं ते लिहा, कॅमेऱ्यात दिसेल एवढंच. उजवीकडे तुम्ही स्वतःला काय सांगताय ते लिहा. उजवीकडच्या वाक्यांतले सगळे च, कायम, कधीच, सगळे या शब्दांखाली रेघ मारा आणि ते खरे आहेत का, असं एखाद्या वकिलासारखं विचारा. मग ज्याची माफी मागायची असेल त्याची पळवाट न ठेवता मागा. आणि खाली तीन कामं लिहा, जी उद्यापासून तुमच्या हातात आहेत.

हे करूनही दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर कागदावर थांबू नका. मग हा सवयींचा प्रश्न राहत नाही, दुखण्याचा होतो आणि दुखण्याला डॉक्टर असतो. सरकारच्या टेली मानस या मोफत हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. तिथं दिवसरात्र कधीही बोलता येतं, मराठीतही. फोन करणं हा कमकुवतपणा नाही. गोखल्यांनाही रानडे लागले होते.